बिनविरोधचे पेढे

'बिनविरोध' हा शब्द मला आवडत नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना पुढे वाचायचे नसेल त्यांनी इथूनच परत फिरावे. (आमच्या घरातले निम्मे लोक इथूनच परततील याची खात्री आहे!)

त्याचे झाले असे, की आमच्या गावच्या ग्रामपंचायतीची निवडणूक बिनविरोध झाली. नाक्यावर फ्लेक्स लागला, पेढे वाटले गेले, आणि आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ठाण्याच्या भाच्याचा संदेश आला, "मामा, गावाने तालुक्यापुढे आदर्श ठेवला! ना प्रचार, ना खर्च, ना भांडण!" त्याखाली सगळ्यांचे अंगठे. मी एवढेच लिहिले, की मला काही अभिनंदन करावेसे वाटत नाही. झाले! धाकटे बंधू म्हणाले, "दादा, तुला चांगल्यातही खोट दिसते." पुण्याच्या आतेबहिणीने लिहिले, "मास्तरांच्या हातातली लाल शाई अजून वाळली नाही." भाच्याने मात्र सरळ विचारले, "मामा, एवढ्या एकोप्यात वाईट काय आहे ते तरी सांग."

प्रश्न चांगला आहे. त्याचे उत्तर त्या ग्रुपवर मावणार नाही, म्हणून इथे लिहायला बसलो. आयुष्यभर इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवले. नागरिकशास्त्र म्हणजे वीस मार्कांचा विषय, परीक्षेच्या आदल्या रात्री पाठ करायचा. निदान निवृत्तीनंतर तरी तो विषय नीट मांडू दे.

पहिली गोष्ट, बिनविरोध म्हणजे काय होते ते पाहू. गावाचे नाव लिहीत नाही. घरच्यांना ते माहीत आहे, बाकीच्यांना त्याची गरज नाही. कर्जत-खालापूरच्या पट्ट्यात आणि पट्ट्याबाहेरही हे असेच घडते. अर्ज भरायच्या आधी देवळात बैठक होते. बैठकीला गावकीतले सात-आठ पुरुष. कोणत्या आळीला किती जागा, सरपंच कोणाचा, उपसरपंच कोणाचा, अडीच वर्षांनी राजीनामा कोण देणार, हे सगळे तिथे ठरते. आरक्षित जागांसाठी माणसे 'बघितली' जातात. जो सही करील, विचारणार नाही, तो चांगला. आणि एवढे करूनही कोणी अर्ज भरलाच, तर माघारीच्या शेवटच्या दिवशी दुपारी तीनपर्यंत त्याची समजूत काढली जाते. समजूत हा शब्द फार मोठ्या पोटाचा आहे. त्यात विनवणी येते, पैसे येतात, आणि 'तुझ्या नवऱ्याची नोकरी कुठे आहे ते लक्षात आहे ना' हेही येते.

या वेळी आमच्याकडे ठाकूरवाडीतल्या एका बाईने अर्ज भरला होता. नववीपर्यंत माझ्या वर्गात होती. तिचे म्हणणे एकच. नळयोजनेचे पाणी मोठ्या गावच्या टाकीपर्यंत येते आणि तिथेच थांबते. आमचा तालुका पावसाचा. चार महिने आभाळ फाटल्यासारखा कोसळतो. शेजारच्या खालापुरात मोरबे धरण भरते आणि त्याचे पाणी नवी मुंबईला जाते. आणि मार्च-एप्रिल आला, की आमच्या वाड्यांवर बाया हंडा घेऊन टँकरची वाट बघतात. तिला पंचायतीत जाऊन एवढेच विचारायचे होते, की पाइप टाकीपाशी का थांबला. तिचा नवरा एका फार्महाउसवर राखणीला आहे. फार्महाउसचा मालक कोणाच्या उठबशीतला, हे सांगायला नको. माघारीच्या दिवशी तिने अर्ज मागे घेतला. त्याच वाडीतली दुसरी एक बाई बिनविरोध निवडून आली. तिला मी दोष देत नाही. आपण निवडून आलो हे तिला फ्लेक्सवरून कळले म्हणतात.

नंतर मला ती बाजारात भेटली. म्हणाली, "सर, मी पडलेच असते. पन माझ्यामागं किती मानसं हायेत, त्ये तरी कागदावर आलं असतं ना."

नागरिकशास्त्राच्या पुस्तकात जे मला चाळीस मिनिटांच्या तासात सांगता आले नाही, ते तिने दोन वाक्यांत सांगितले. मत मोजले जाते ते फक्त जिंकणाऱ्याला खुर्चीवर बसवण्यासाठी नव्हे. हरणाऱ्यामागे किती माणसे आहेत, हेही त्यातून कागदावर येते. पुढची पाच वर्षे पंचायतीला ते विसरता येत नाही. बिनविरोध निवडणुकीत तो आकडाच उरत नाही. आपल्या राज्य निवडणूक आयोगाने २०१८ साली स्थानिक निवडणुकांसाठी नियम केला, की 'नोटा'ला सगळ्यांहून जास्त मते पडली तर ती निवडणूक पुन्हा घ्यायची. चांगला नियम. पण बिनविरोध गावात यंत्रच येत नाही, तर नोटाचे बटण कुठून येणार? म्हणजे 'यातले कोणीच नको' एवढे म्हणायचाही हक्क गेला. आणि त्याबद्दल आपण पेढे वाटतो!

यात पैसा कसा शिरतो तेही बघा. २०२०-२१च्या ग्रामपंचायत निवडणुकांच्या वेळी राज्यातल्या अनेक आमदारांनी जाहीर केले, की बिनविरोध करणाऱ्या गावाला इतके लाख विकासनिधी देऊ. म्हणजे ज्या गावाने मतदान केले, त्याने गुन्हा केला! निधी काही कोणाच्या घरचा नसतो, तो आपल्याच करातून आलेला असतो. त्याच निवडणुकीत नाशिक जिल्ह्यातल्या उमराणे गावात सरपंचपदाची चक्क बोली लागली, २ कोटींच्या वर. नंदुरबार जिल्ह्यातल्या खोंडामळीतही लिलाव झाला. जानेवारी २०२१ मध्ये आयोगाने या दोन्ही गावांच्या निवडणुका रद्द केल्या. लिलावाचा पैसा देवळाला जाणार, असे सांगितले जात होते. बाकी सारे 'एकमताने'च चालले होते. जिथे व्हिडिओ बाहेर आला तिथे रद्द झाले, जिथे कोणी मोबाइल काढला नाही तिथे आदर्श गाव.

आता बंधूंच्या मुद्द्याकडे वळतो. न्यू जर्सीला लेकाकडे सहा महिने राहून आल्यापासून ते अमेरिकेचा इतिहास वाचतात, आणि मला त्याचा आनंदच आहे. त्यांनी ग्रुपवर मला वॉशिंग्टन ऐकवला. "जगातल्या सर्वांत जुन्या लोकशाहीचा पहिला राष्ट्राध्यक्ष बिनविरोधच होता. आणि जाताना सांगून गेला, की पक्षापक्षांच्या भांडणापासून सावध राहा."

दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. १७८९ आणि १७९२, दोन्ही वेळा प्रत्येक निर्वाचकाने वॉशिंग्टनला मत दिले. आणि १७९६च्या निरोपाच्या पत्रात त्याने पक्षीय वृत्तीबद्दल कडक इशारा दिला. पण बंधूंनी ते पुस्तक पुढे वाचावे. बिनविरोध वॉशिंग्टनच्या घरात काय चालले होते? त्याच्याच मंत्रिमंडळात हॅमिल्टन आणि जेफरसन एकमेकांसमोर उभे होते. अर्थमंत्री हॅमिल्टन म्हणत होता, राज्यांची कर्जे केंद्राने उचलावीत, राष्ट्रीय बँक काढावी, कारखाने वाढवावेत. परराष्ट्रमंत्री जेफरसन म्हणत होता, अशाने सावकारांचे राज्य येईल आणि शेतकरी मरेल. दोघांनी आपापली वर्तमानपत्रे पोसली. १७९३च्या अखेरीला जेफरसन मंत्रिमंडळातून बाहेर पडला. १७९४ मध्ये पश्चिम पेनसिल्व्हेनियातले शेतकरी व्हिस्कीवरच्या कराविरुद्ध उठले. डोंगरापलीकडे धान्य वाहून नेणे परवडत नसे, म्हणून ते धान्याची दारू करून विकत आणि तिच्यावरच कर बसला. त्यांच्यावर वॉशिंग्टनने तेरा हजारांच्या आसपास फौज काढली. वरून बिनविरोध दिसणाऱ्या घरात एवढा विरोध होता! बिनविरोध निवडीने तो संपला नाही, फक्त काही वर्षे दिसला नाही.

पुढची गोष्ट तर आमच्या बंधूंच्या न्यू जर्सीतलीच आहे. १७९६ मध्ये अ‍ॅडम्स ७१ विरुद्ध ६८ मतांनी जिंकला, आणि हरलेला जेफरसन त्या वेळच्या नियमाने उपाध्यक्ष झाला. फ्रान्सशी युद्धाचे ढग जमले. १७९८ मध्ये अ‍ॅडम्सच्या पक्षाने राजद्रोहाचा कायदा केला. सरकार, संसद किंवा राष्ट्राध्यक्ष यांच्याविरुद्ध खोटे आणि बदनामीकारक लिहिले तर तुरुंग. गंमत अशी, की या यादीत उपाध्यक्ष नव्हता. कारण उपाध्यक्ष विरोधी पक्षाचा, त्याला शिव्या दिल्या तर चालेल! ज्या देशाने १७९१ मध्ये पहिल्याच घटनादुरुस्तीत 'भाषणस्वातंत्र्य कमी करणारा कायदा संसदेने करू नये' असे लिहून ठेवले, त्याच देशात सात वर्षांत हे झाले. न्यूअर्क गावी अ‍ॅडम्सच्या स्वागताला तोफा उडत होत्या, तेव्हा ल्यूथर बाल्डविन नावाच्या एका माणसाने दारूच्या तारेत म्हटले, की तोफ राष्ट्राध्यक्षाच्या ढुंगणावर उडाली तरी माझी हरकत नाही. त्याला १५० डॉलर दंड झाला.

व्हर्माँटचा मॅथ्यू लायन हा संसदेचा सभासद. त्याने अ‍ॅडम्सच्या डामडौलावर लिहिले म्हणून चार महिने कैद आणि १००० डॉलर दंड. कोठडीत असतानाच लोकांनी त्याला पुन्हा निवडून दिले. आणि १८०० सालच्या निवडणुकीत जेफरसन आणि बर यांची ७३-७३ अशी बरोबरी झाली. निकाल प्रतिनिधिगृहात गेला. पस्तीस वेळा मतदान होऊनही कोंडी फुटेना. १७ फेब्रुवारी १८०१ला छत्तिसाव्या फेरीत व्हर्माँटचा दुसरा सभासद बाजूला झाला आणि व्हर्माँटचे मत जेफरसनला टाकले ते या लायननेच. ज्याला तोंड बंद करायला कोठडीत घातले, त्याच्याच हातून सत्तापालटाचा एक खिळा ठोकला गेला! ४ मार्चला अ‍ॅडम्स पहाटेच राजधानीतून निघून गेले, शपथविधीला थांबले नाहीत. रुसून गेले, पण गेले. फौज बोलावली नाही. राजद्रोहाचा कायदा आदल्या दिवशीच मुदत संपून मेला होता, शिक्षा झालेल्यांना जेफरसनने माफी दिली.

बंधू, तुम्ही सांगता ती 'जगातली जुनी लोकशाही' वॉशिंग्टनच्या बिनविरोध निवडीने उभी राहिली नाही. अ‍ॅडम्स हरला आणि घरी गेला, त्या दिवशी ती उभी राहिली. निवडणूक हरूनही माणूस जिवंत राहतो, बोलू शकतो, पुढच्या वेळी पुन्हा उभा राहू शकतो, हे त्या दिवशी सिद्ध झाले. ती लोकशाही धुतल्या तांदळासारखी होती असे मी म्हणत नाही. मत होते ते मुख्यतः गोऱ्या, मालमत्तावाल्या पुरुषांना. गुलामांना मत नव्हतेच, पण दक्षिणेच्या जागा वाढवण्यासाठी गुलामांची पाचात तीन अशी गणती होई, आणि जेफरसनच्या विजयात तिचा वाटा होता. त्या मानाने आपण थोर. १९५१-५२च्या पहिल्याच निवडणुकीत सतरा कोटींहून जास्त प्रौढ माणसांना, बाया-बापड्यांना, ठाकर-कातकऱ्यांना, एकदम मत मिळाले. मिळाले ते वापरू नका, असे सांगण्यात कसला आला आदर्श?

आणि अमेरिकेला तरी कशाला जायचे? आपला कुलाबा जिल्हा घ्या. (१९८१ पासून रायगड. आम्हा जुन्यांच्या तोंडी अजून कुलाबाच येते.) या जिल्ह्यात एकेकाळी सगळेच बिनविरोध होते. खोताच्या काळात! खोत सांगेल तो खंड, खोत म्हणेल ती वेठ. गावात भांडण नाही, तंटा नाही. मग २७ ऑक्टोबर १९३३ला अलिबाग तालुक्यात चरीच्या कुळांनी नारायण नागू पाटलांच्या पुढारीपणाखाली संप पुकारला. जमीन कसायचीच नाही म्हणाले. सहा वर्षे शेते ओस ठेवली, जंगलातली लाकडे विकून दिवस काढले. १७ सप्टेंबर १९३७ला बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले, आणि जानेवारी १९३८ मध्ये शेतकऱ्यांचा मोर्चा त्याच विधिमंडळावर गेला. कायदा व्हायला १९४९ उजाडले. आज आमच्याकडे ज्यांच्या नावावर सातबारा आहे आणि जे देवळात बसून एकोपा शिकवतात, त्यातल्या कितीकांचे आजे कूळ होते! गावाचा एकोपा मोडायला नको म्हणून ते गप्प बसले असते, तर नातवाला फार्महाउसवाल्याला विकायला जमीनच राहिली नसती.

भाई कोतवाल तर आपल्या तालुक्याचे. दर दोन जानेवारीला आपण सिद्धगडाला जातो, फुले वाहतो. त्यांच्यावर सिनेमाही आला २०२० मध्ये. विद्युत मनोरे पाडणारा आझाद दस्ता सगळ्यांना आठवतो, २ जानेवारी १९४३ची गोळी आठवते, हिराजी पाटलांचे बलिदान आठवते. पण त्याच्या आधीचे कोतवाल कोणी सांगत नाही. नाभिक समाजात जन्मलेला हा वकील माथेरानच्या नगरपालिकेत निवडून आला, उपाध्यक्ष झाला. शेतकऱ्याला सावकाराच्या दारात जावे लागू नये म्हणून त्यांनी धान्याच्या कोठ्या काढल्या, पोरांसाठी शाळा काढल्या. त्या वेळी कोणा ज्येष्ठाने त्यांना देवळात बोलावून सांगितले असते, 'बाळा, गावाच्या एकोप्यासाठी अर्ज मागे घे, पुढच्या खेपेला तुझाच नंबर', तर? हुतात्म्याला हार घालायचा आणि त्याच्यासारखा कोणी उभा राहिला तर त्याला माघार घ्यायला लावायची, हे एकाच गावात चालते.

स्वतंत्र भारताचे पहिले दशकही काही एकमताचे नव्हते. मुंबईत निघणाऱ्या 'क्रॉसरोड्स' साप्ताहिकाला मद्रास सरकारने बंदी केली, १९५० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली, आणि लगेच १९५१ मध्ये आपली पहिली घटनादुरुस्ती होऊन भाषणस्वातंत्र्यावर सार्वजनिक सुव्यवस्था वगैरे नवी बंधने आली. अमेरिकेच्या पहिल्या दुरुस्तीने स्वातंत्र्य लिहून ठेवले, आपल्या पहिल्या दुरुस्तीने त्याला कुंपण घातले. पहिली निवडणूक व्हायच्याही आधी! बंधने 'वाजवी' असावीत, हा शब्द त्या वेळी त्यात पडला, आणि आजही न्यायालयात तोच कामी येतो. श्यामाप्रसाद मुखर्जी आणि हृदयनाथ कुंझरू यांच्यासारख्या वेगवेगळ्या विचारांच्या सभासदांनी त्या दुरुस्तीला कडाडून विरोध केला. नेहरूंसारख्या नेत्यापुढे मूठभर माणसे विरोधात उभी राहिली, म्हणून त्या दुरुस्तीची आज निदान चर्चा तरी होते.

मग आला मुंबईचा प्रश्न. राज्य पुनर्रचना आयोगाने १९५५ मध्ये मुंबईसह मराठी राज्य नाकारले. २१ नोव्हेंबर १९५५ला फ्लोरा फाउंटनला गोळीबार झाला. १६ जानेवारी १९५६ला नेहरूंनी मुंबई केंद्रशासित करण्याचे जाहीर केले, पुन्हा गोळीबार. हुतात्म्यांचा आकडा शंभरावर गेला. आमच्या कर्जत लोकलने रोज मुंबईला जाणारी माणसे त्या दिवसांत संध्याकाळी परत येईपर्यंत घरात चूल पेटत नसे, असे आई सांगायची.

याच वेळी आपल्या जिल्ह्याने एक गोष्ट पाहिली. चिंतामणराव देशमुख १९५२ मध्ये कुलाब्यातून काँग्रेसतर्फे निवडून आले होते, देशाचे अर्थमंत्री होते. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर. मुंबईबद्दलचा निर्णय मंत्रिमंडळात नीट चर्चा न होता झाला, हे त्यांचे मुख्य गाऱ्हाणे. जुलै १९५६ मध्ये त्यांनी राजीनामा दिला आणि लोकसभेत उभे राहून कारणे सांगितली. जेफरसन वॉशिंग्टनच्या मंत्रिमंडळातून गेला, तसे आमच्या कुलाब्याचे खासदार नेहरूंच्या मंत्रिमंडळातून बाहेर पडले. नेहरूंनी त्यांचे म्हणणे मान्य केले नाही. दोघांनीही आपापली बाजू सभागृहात मांडली, देशाने ऐकली. एकमेकांना देशद्रोही म्हटले नाही.

१९५७च्या निवडणुकीत संयुक्त महाराष्ट्र समितीने पश्चिम महाराष्ट्र जवळजवळ धुऊन नेला. एस. एम. जोशी, डांगे, अत्रे, प्रबोधनकार, एकमेकांचे एरवी तोंड न पाहणारी माणसे एकत्र. आपल्या कुलाब्यात शेकापने बाजी मारली. सरकार काँग्रेसचेच राहिले, गुजरात, विदर्भ आणि मराठवाड्याच्या बळावर. पण कोणाच्या मागे किती माणसे आहेत, ते कागदावर आले होते! माझ्या त्या ठाकूरवाडीच्या विद्यार्थिनीचे वाक्य मला इथे आठवते. ३० नोव्हेंबर १९५७ला नेहरू प्रतापगडावर शिवरायांच्या पुतळ्याच्या अनावरणाला आले, तेव्हा समितीने काळ्या निशाणांची प्रचंड निदर्शने केली. ती शांततेने झाली. मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण विरुद्ध बाजूला होते, पण निशाणे दिसू दिली. तिकडे गुजरातेत इंदुलाल याज्ञिकांची महागुजरात चळवळ हेच करत होती. १ मे १९६०ला दोन राज्ये झाली.

१९५७ साली मी सात वर्षांचा होतो. आमचे वडील खादी घालणारे जुने काँग्रेसवाले, आणि काकांनी समितीचे काम केले. दोघांत महिनाभर अबोला होता. पण भातलावणीला दोघे एकाच शेतात वाकले, आणि काका गेले तेव्हा सर्वांत जास्त रडले ते वडील. बंधू, तुम्ही तेव्हा पाळण्यात होतात. त्या अबोल्याने घर फुटले नाही.

आता कोणी म्हणेल, मास्तर, तुमच्याच गोष्टीत रक्त सांडले आहे. अमेरिकेत हॅमिल्टनला बरने १८०४ मध्ये द्वंद्वात मारले, आपल्याकडे शंभरावर माणसे पडली. गावात डोकी फुटतात, भाऊबंदकी होते, दारू आणि पैसा वाहतो. हे सगळे खरे आहे. मतदान केंद्रावर केंद्राध्यक्ष म्हणून मी अनेक निवडणुका काढल्या आहेत, मला कोणी ते सांगायला नको. पण तारखा नीट बघा. गोळ्या चालल्या त्या १९५५-५६ मध्ये, म्हणजे निर्णय वरून आला आणि लोकांना त्यावर मत देण्याची वाट नव्हती तेव्हा. १९५७ मध्ये पेट्या उघडल्या, त्यानंतर तोच प्रश्न सभा, निशाणे आणि विधिमंडळ यांतून सुटत गेला. विरोधाला पेटीची वाट दिली की तो पेटीत जातो. ती वाट बुजवली की तो कुठे जाईल ते सांगता येत नाही. कधी कोणाच्या गवताच्या गंजीला आग लागते, कधी बांधावरून कोयता निघतो. भांडण निवडणुकीने तयार होत नाही. पाइप टाकीपाशी थांबतो, तिथे ते तयार होते.

आणि पैसा, दारू थांबवायची असेल तर त्यासाठी कायदा आहे, आचारसंहिता आहे. डोके दुखते म्हणून डोकेच काढून टाकायचे, तसा हा उपाय झाला. वर मी म्हणतो, खरोखरच सगळ्या गावाला एकच माणूस हवा असेल, तर बिनविरोध व्हायला माझी ना नाही. अशी निवड लाखात एखादी असते. ती देवळात बंद दाराआड ठरत नाही आणि तिला लाखांच्या निधीचे आमिष लागत नाही.

तर भाचेबुवा, तुम्ही विचारलेत म्हणून सांगतो, मला काय हवे आहे. बिनविरोध गावाला जास्त निधी, ही घोषणा करणाऱ्या लोकप्रतिनिधीला गावाने विचारावे, की मतदान करणाऱ्या गावाचा कर तुम्ही वेगळ्या पेटीत ठेवता का. ज्या वाडीसाठी जागा राखीव आहे, त्या वाडीनेच आपला उमेदवार ठरवावा, मोठ्या गावच्या देवळाने नव्हे. कोणी अर्ज मागे घेतला तर ग्रामसभेत उभे राहून त्याला, तिला, का घेतला हे विचारावे, आणि उत्तर देताना तिच्या नवऱ्याची नोकरी जाणार नाही याची हमी गावाने द्यावी. आणि जो हरेल त्याला पुढच्या ग्रामसभेत पहिल्यांदा बोलू द्यावे.

यातले चौथे सोपे आहे, त्याला पैसा लागत नाही. पण तेच सर्वांत अवघड जाईल, हेही मला माहीत आहे.

येत्या ग्रामसभेला मी पाइपचा विषय लेखी देणार आहे. ती बाईही येणार म्हणाली आहे. ठाण्याहून कर्जतला यायला दीड तास लागतो. भाचेबुवांना सवड असेल तर यावे. आदर्श गाव जवळून बघायला मिळेल.

असो. फार लांबले. ज्यांना पटले नाही त्यांनी खाली सविस्तर लिहावे. नुसते अंगठे नकोत. आणि सगळ्यांनीच 'छान लिहिलेत' म्हणून टाकले, तर मी समजेन की इथेही माघारीची मुदत संपली!